मीरा मॅडमची चुकांची वही

मीरा आष्टीकर यांना चूक लपवणाऱ्या माणसाचा भयंकर राग. चूक करणाऱ्याचा नाही बरं का, लपवणाऱ्याचा. वर्ध्याच्या रामनगरात त्यांच्या दारी येणाऱ्या भाजीवाल्याच्या वांग्यांत एखादं किडकं निघालं, तर त्या म्हणायच्या, "किडकं निघालं त्याचं काही नाही, पण तू ते खाली का दाबलंस?" पुढच्या खेपेला तो स्वतःच किडकं वांगं वर काढून दाखवायचा आणि मॅडम तेवढ्यावर खूश होऊन किलोभर जास्त घ्यायच्या. एकट्या बाईला किलोभर वांगी कशाला लागतात, हे विचारायची सोय नव्हती.

हा हट्ट वडिलांकडून आलेला. वडील पुलगावच्या कापड गिरणीत टाइमकीपर. हजेरीचं रजिस्टर त्यांच्या हातात. त्या रजिस्टरात काही चुकलं तर खोडरबर लावायचं नाही, ब्लेडनं खरवडायचं नाही, शाईनं गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, तीही अशी, की चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं आणि शेजारी स्वतःची सही ठोकायची. डबा घेऊन गेलेल्या लहान मीरानं एकदा विचारलं, "पण बाबा, चुकलेलं सगळ्यांना दिसतं ना!" वडील म्हणाले, "दिसू दे. दिसलं म्हणजे पुन्हा होत नाही." झालं. पोरीनं ते वाक्य गाठीला बांधलं ते कायमचं.

शहाऐंशी साली नागपूरहून इंजिनीअर होऊन मीरा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचा कोणीतरी चुलत भाऊ, एवढीच पुलगावकरांची समजूत होती. तिथं दुसऱ्याच वर्षी तिच्या हातून एक भलतंच घडलं. एका परीक्षेच्या निकालाचं काम होतं. तिनं दोन रकाने उलटेपालटे केले आणि चारशे बारा पोरं कागदावर नापास झाली. कागद बाहेर जायच्या आदल्या दिवशी तिला ते दिसलं. गुपचूप दुरुस्त केलं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. ती उठली, साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे, आणि अशी झाली आहे." साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं, "हे सगळं लिहून काढा. नवीन येणाऱ्यांना वाचायला द्या."

तिथून चुकांची वही सुरू झाली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पुढे तीस वर्षं मीरा मॅडम त्याच धंद्यात राहिल्या. यंत्रं खोलीएवढी होती ती खिशाएवढी झाली, भाषा बदलल्या, साहेब बदलले, वहीची रीत तीच. दर जुलैत कॉलेजातून नवी पोरं यायची, घाबरलेली, इंग्रजीत अडखळणारी. मॅडम त्यांना आपल्या शेजारच्या खुर्च्यांवर मागून घ्यायच्या. मोठी खुर्ची दोनदा चालून आली, दोन्ही वेळा नको म्हणाल्या. "तिथून पोरांचे पडदे दिसत नाहीत," हे कारण. शनिवारी सगळ्यांनी गोल बसायचं, आठवड्यातली आपली चूक वहीत लिहायची, मोठ्यानं वाचायची, खाली सही. नियम दोनच. पहिला, जो आपली चूक दुसऱ्यानं पकडायच्या आधी सांगेल, त्याचा चहा मॅडमकडून. दुसरा, ज्यानं त्यानं फक्त आपली चूक लिहायची. दुसऱ्याच्या चुकीचं एक अक्षरही त्या वहीत लिहायचं नाही. अशा चौदा वह्या भरल्या.

आईच्या आजारपणासाठी दोन हजार सतरा साली मुदतीआधीच नोकरी सोडून मॅडम वर्ध्याला आल्या. पुढल्या वर्षी आई गेली, मॅडम मात्र राहिल्या. रिकामं बसणं रक्तात नव्हतं. समोरच्या खोलीत चटया टाकल्या, तीन जुने कॉम्प्युटर मांडले आणि आसपासच्या पोरांना फुकट शिकवायला लागल्या. पंधरावी वही निघाली.

त्याच वर्षी आंजीहून रजत आला. आंजी मोठी या गावच्या रूपराव कास्तकाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा, पोरगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या दिवशी दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, मले इंग्रजी येत नाई. चालते का?" मॅडम म्हणाल्या, "मशीनलाही येत नाही. ये आत."

काय सांगावं, त्या पोराला डोकं होतं हो! एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. आंजीची बस चुकली तर सायकल हाणत यायचा. त्याच्या चुकासुद्धा वाचण्यासारख्या. वहीत लिहायचा, "घाईत होतो म्हून तपासलं नाई. घाई कायची होती ते आता आठवत नाई." आख्खा वर्ग हसायचा आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं. स्वतःचं लेकरू नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं कौतुक त्यांनी या पोरावर ओतलं. त्याची आई देवकाबाई हिवाळ्यात तुरीच्या शेंगा पाठवायची आणि निरोप द्यायची, "मॅडमबाईले म्हणा, पोरगं तुमचंच हाय, दोन रट्टे द्या लागले तं." एकवीस साली मॅडमनी शब्द टाकला आणि रजत नागपूरच्या कंपनीत लागला. तरी दर शनिवारी वहीसाठी यायचाच.

मग कास्तकार खरेदी संघाचं काम आलं. कापसाच्या हंगामात संघाच्या यार्डात दिवसाला दीडशे गाड्या मोजून व्हायच्या आणि यायच्या चारशे. मॅडमच्या वर्गानं टोकनचा प्रोग्रॅम करून दिला. कास्तकारानं फोनवर नाव नोंदवायचं, त्याला मोबाइलवर तारीख आणि वेळ येणार, त्याच वेळेला गाडी आणायची. काम फुकट केलं. बदल्यात संघानं वरच्या मजल्यावरचा हॉल आणि पंधरा कॉम्प्युटर वर्गाला वापरायला दिले. तीन कॉम्प्युटरांचा वर्ग चाळीस पोरांचा झाला. पुलगावहून काजल यायला लागली, जिचे वडील तिथल्या दारूगोळा भांडारात कामाला होते. सेलूहून दोघी बहिणी यायच्या. मॅडम साठीला आलेल्या, पण त्या हॉलचा जिना चढताना त्यांना धाप लागलेली कोणी पाहिली नाही.

या कामातही मॅडमचा एक कडक नियम होता. प्रोग्रॅममध्ये केवढाही बदल असो, तो दुसऱ्यानं तपासल्याशिवाय चढवायचा नाही. त्यासाठी बदल चढवायचा पासवर्ड एकट्या मॅडमकडे. वर्गात त्याला सगळे किल्ली म्हणायचे. पण आदल्या हंगामात भाची वेदश्रीचं लग्न निघालं, मॅडम चार दिवस बाहेर गेल्या आणि जाताना किल्ली रजतला देऊन गेल्या. त्याच्या नावाची नवीन काढायला दहा मिनिटं लागली असती. "असू दे, रजतच तर आहे," असं म्हणून त्यांनी आपल्याच नावाची दिली. आणि परत आल्यावर मागितली नाही. माणसाची माया अशी घात करते बघा, आणि तीही नेमकी नियमाच्या माणसाचा.

या हंगामात, नोव्हेंबरात, अवकाळीची वर्दी आली. संघानं शुक्रवार-शनिवार यार्ड बंद ठेवायचं ठरवलं. त्या दोन दिवसांच्या तीनशे गाड्यांना नवीन तारखा द्यायच्या होत्या. गुरुवारी दुपारी रजतचा फोन आला.

"मॅडम, छोटासा बदल हाय. चढवून टाकू का? कास्तकार फोन करू करू कान खाऊन राह्यले."

मॅडम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसलेल्या, डोळ्यांत थेंब टाकलेले, समोरचं कॅलेंडरसुद्धा धूसर. म्हणाल्या, "सहा वाजेपर्यंत थांब. मला दिसायला लागलं की बघते."

"हाओ मॅडम," तो म्हणाला आणि थांबला नाही. सगळ्या तीनशे गाड्या त्यानं पुढच्या उघड्या दिवसावर, म्हणजे सोमवारवर ढकलल्या. सोमवारचे दीडशे आधीच बोलावलेले होते, हे बघायचं राहून गेलं. सहा वाजता मॅडमनी फोन केला तेव्हा म्हणाला, "झालं मॅडम, सगळ्याईले तारखा गेल्या, टेन्शन नका घेऊ, म्या दोनदा पाह्यलं."

सोमवारी यार्डात साडेचारशे गाड्या आल्या. रांग फाटकातून निघून नागपूर रोडला लागली. कोणी दोन दिवस रस्त्यावर, कोणी तीन. गिरडकडून ट्रॅक्टर घेऊन आलेल्या तानबा नावाच्या म्हाताऱ्यानं फाटकाशी मॅडमना गाठलं. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बाई, याच्यात तं नऊ वाजता येजो म्हणून लिवलं हाय. मंग आमाले काऊन उभं ठेवून राह्यले?" मॅडमनी हात जोडले. "चूक झाली बाबा, आमची चूक झाली." म्हातारा चिडला नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

त्या शनिवारी हॉलमध्ये चाळीस पोरं गोल बसली. रजत नागपूरहून आला होता. सगळ्यांच्या आधी मॅडमनी वही ओढली, लिहिलं आणि वाचून दाखवलं: "बदल चढवायची किल्ली मी माझ्या नावानंच बाहेर दिली आणि परत घेतली नाही. त्यामुळे न तपासलेला बदल चढला. एका दिवशी तिप्पट गाड्या आल्या, कास्तकारांचे हाल झाले. चूक माझी." खाली सही, मी. आ. कोणाला दिली, कोणी चढवला, एक शब्द नाही. दुसऱ्याची चूक लिहायची नाही म्हणजे नाही. पानाची खालची अर्धी जागा त्यांनी मोकळी सोडली आणि पेन रजतपुढे धरला.

रजतनं पेन घेतला नाही. "मॅडम, डोकं लय दुखून राह्यलं आज. पानाचा फोटो घेऊन जातो. घरी इचार करून, पुढच्या शनिवारी नीट लिहितो."

मॅडमना भरून आलं. पोरगं विचार करून लिहितो म्हणतंय! त्यांनी स्वतःच वही त्याच्या मोबाइलपुढे उजेडात धरली, फोटो नीट यावा म्हणून.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. मंगळवारी संघाची सभा होती. मॅडमना बोलावणं आलं. कास्तकारांच्या तक्रारी आहेत, खुलासा द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्या गेल्या. टेबलाच्या पलीकडे संघाचे लोक आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, रजत. मॅडमना आधी बरंच वाटलं. आपला माणूस आहे सोबतीला!

संघाचे सचिव नागसेन, मवाळ माणूस, अवघडून खोकले. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. वहीचं पान. "मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"सही?"

"माझीच."

"मशीनमध्ये पण बदल तुमच्याच नावानं चढल्याचं दिसतं."

"हो, किल्ली माझ्याच नावाची होती." मॅडमनी कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पण हे पान अजून पुरं झालेलं नाही." आणि त्या रजतकडे बघायला लागल्या. अहो, बोलायचं ना! सांगायचं ना, की या पोरानं चढवला, मी थांब म्हटलं होतं, फोनची नोंद आहे माझ्याकडे! मला तर आजही राग येतो त्यांचा. पण बाई गप्प. ज्याची चूक त्यानं सांगायची. तीस-पस्तीस वर्षं शेकडो पोरांना जे शिकवलं, ते आज एका पोरानं करून दाखवायचं होतं, बस. त्यांना खात्री होती. अगदी देवावर हात ठेवून सांगितलं असतं त्यांनी, की आता हा बोलेल.

रजत टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. म्हणाला, "मॅडमनं सोताच लिहून देल्लं हाय. आता मी त्याच्यात काय बोलू?"

पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यानं ऐकू आलं. वय झालं, चुका होतात, संघाला जबाबदार माणूस पाहिजे. टोकनचं काम आता रजतच्या कंपनीकडे. रजतची कंपनी? त्यानं नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढल्याचं त्यांना त्या टेबलावर कळलं. हॉल महिनाअखेर रिकामा करायचा, तिथं त्याच कंपनीची माणसं बसणार.

बाहेर व्हरांड्यात नागसेन मागून आले. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. कागद समोर आला की आमचेही हात बांधले जातात."

"कागद खरा आहे हो," मॅडम म्हणाल्या. "वाईट त्याचंच वाटतंय."

चार दिवसांनी रजत रामनगरात आला, हातात मिठाईचा डबा. लाज नावाची गोष्ट माणूस कुठं ठेवून येतो कोण जाणे. मॅडमनी बस म्हटलं नाही, तरी बसला.

"मॅडम, तुमी रागावल्या हे मले समजते. पण तुमीच इचार करा. तुमचं नाव एवढं मोठं, एका चुकीनं तुमाले काय होते? माझी तं आता कुठं सुरुवात हाय. मी बुडालो असतो."

"फोटो घेतलास तेव्हाच ठरवलं होतंस?"

त्यानं डबा मॅडमच्या दिशेनं सरकवला.

"रजत," मॅडम म्हणाल्या, "तू नुसतं मागितलं असतंस ना, की मॅडम, ही चूक तुमच्या नावावर घ्या, तर मी घेतली असती रे. ते पान फाडून तुझ्या हातात दिलं असतं. मागायचं तरी! तू माझीच वही माझ्यावर चालवलीस. ऊठ. डबा उचल. देवकाबाईंना सांग, या वर्षी शेंगा पाठवू नका."

तो डबा तिथंच ठेवून गेला. मॅडमनी तो शेजारच्या अनुसयाबाईंकडे देऊन टाकला. कशाचे पेढे म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या हुशार विद्यार्थ्याचे."

वर्ग पुन्हा समोरच्या खोलीत आला. चाळिसातली अकरा पोरं राहिली. बाकीची तिकडे रजतच्या हॉलमध्ये गेली, तिथं पुढे नोकरी लागेल या आशेनं. त्यांना दोष देता येत नाही. मॅडमनी चटया झाडल्या, तीन जुने कॉम्प्युटर पुसले. मनाशी म्हणाल्या, गेला तर गेला, एक गेला. ही अकरा आहेत ना! वही आहे ना! पुन्हा उभं करू. रात्री जेवण गेलं त्या दिवशी, बऱ्याच दिवसांनी.

शनिवार आला. सगळे गोल बसले. वही नेहमीसारखी डावीकडून निघाली. पहिल्या पोरानं ती मांडीवर घेतली, जरा थांबला, पुढे सरकवली. "या आठवड्यात काही नाई मॅडम." दुसरीनंही सरकवली. तिसऱ्यानं उघडलीसुद्धा नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "काय रे, सगळे एकदम शहाणे झालात?" कोणी हसलं नाही. वही काजलपर्यंत आली. काजल आता वर्गात सगळ्यांत तरबेज होती. तिच्या मागच्या पडद्यावर गावांची यादी उघडी होती, आणि ती यादी शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटी लागलेली होती. चटईवर बसल्या बसल्या मॅडमना ते दिसत होतं.

"काजल, यादी उलटी का आली गं?"

काजलनं मागं वळून पाहिलं. तिला दिसलं, हे मॅडमना दिसलं. मग ती वहीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "माझ्याकडून नाई झालं मॅडम. ते आधीपासूनच तसं होतं."

एवढं धडधडीत खोटं त्या खोलीत सहा वर्षांत कोणी बोललं नव्हतं. मॅडमना रागवायचं होतं, पण काय म्हणून रागवणार? लिहून काय होतं, ते या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रजतनं हॉल नेला, काम नेलं, त्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं. तो यापेक्षा मोठं काही घेऊन गेला होता हे त्यांना आता कळलं.

पोरं शिकत नाहीत तर आपणच करून दाखवावं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी वही आपल्याकडे ओढली. त्यांचीही चूक होतीच. बुधवारी यादी लावायची कशी हे शिकवताना त्यांनीच फळ्यावर उलटं लिहून दिलं होतं, काजलची यादी त्यामुळेच तशी आली होती. पोरगी खोटं बोलली आणि खरंही बोलली. मॅडमनी नवीन पान उघडलं, वर तारीख घातली, "चूक माझी" लिहायला पेन टेकवला.

आणि त्यांची नजर वर गेली. चटईवर, प्रत्येकाच्या गुडघ्यापाशी, एकेक मोबाइल पडला होता. अकरा. त्यांनी ते मोजले.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. "या आठवड्यात माझंही काही नाही," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून मांडीखाली घेतली.